पेरूतली एकादशी

(तृतीय वर्ष, कला)

देशांची नावे ऐकली की मनात काही ना काही उभे राहते. इजिप्त म्हटले की पिरॅमिड, स्वित्झर्लंड म्हटले की बर्फ. पेरू म्हटले की मात्र मराठी माणसाला तिखटमीठ आठवते. त्याला त्या देशाचा इलाज नाही. २०२५ च्या मे महिन्यात मी अण्णांना घेऊन पेरूला निघाले, तेव्हा आमच्या गावच्या पारावर आठवडाभर याच विषयावर चर्चा चालली होती. “पेरू खायाला एवढ्या लांब? मंचरच्या बाजारात काय कमी हायेत?” असे एका आजोबांनी विचारले. अण्णा गंभीरपणे म्हणाले, “पेरू खायाला नाय, बटाटा बघायला चाललोय.” त्यावर पार आणखीच हसला. कारण आमचे गाव आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे. पावसाळी बटाट्यासाठी हे पठार पुणे जिल्ह्यात प्रसिद्ध. इथल्या माणसाने बटाटा बघायला सातासमुद्रापार जायचे म्हणजे आळंदीच्या माणसाने इंद्रायणी बघायला काशीला जाण्यासारखे!

कारण होती ताई. बटाटे पिकवणाऱ्याची लेक खूप शिकली आणि शेवटी बटाट्यापाशीच गेली. पेरूची राजधानी लिमा; तिच्या ला मोलिना या भागात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. १९७१ साली ते स्थापन झाले. बटाट्याच्या हजारो वाणांचा संग्रह तिथे जपून ठेवला आहे. ताई तिथे तीन वर्षांपासून संशोधन करते. आजीचे आजारपण आणि दारातली जनावरे यांमुळे आई येऊ शकली नाही. इंग्रजी बोलणारी सोबत हवी म्हणून माझी वर्णी लागली.

अण्णा आनंदाने निघाले असे म्हणता येणार नाही. आदल्या आठवड्यात त्यांनी वही काढून गेल्या हंगामाचा हिशेब मांडला होता. बियाणे पंजाबहून येते, ते महाग. मग खत, औषध, मजुरी, पिशव्या, गाडीभाडे, हमाली. आणि एवढे करून शेवटी बाजार सांगेल तो भाव. वही मिटून ते आईला म्हणाले, “यंदाचा शेवटचा बटाटा. पुढच्या साली जमीन इचारणारांना हो म्हणून टाकू.” पठारावर हल्ली बंगल्यांसाठी जागा विचारणारी गिऱ्हाइके येतात. आई काही बोलली नाही. मी पुस्तक तोंडापुढे धरून बसले होते, पण पुढचे पान काही उलटले नाही.

जेवणाचे निमित्त होते अण्णांच्या साठीचे. त्यांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून १९६५ लावून टाकली. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो! १ जूनला आम्ही परतीच्या वाटेवर असणार, म्हणून ताईने आधीचा दिवस निवडला. निवडला म्हणण्यापेक्षा मिळाला. लिमातल्या नामांकित उपाहारगृहांत जागा महिने महिने आधी धरावी लागते आणि ज्या दिवशी टेबल रिकामे असेल तो आपला मुहूर्त.

या उपाहारगृहांविषयी थोडे सांगायला हवे. एके काळी लिमातल्या श्रीमंतांना बाहेर चांगले जेवायचे म्हणजे फ्रेंच पद्धतीचे जेवायचे, असेच वाटे. गास्तोन आकुरिओ आणि त्यांची पत्नी आस्त्रिद गुत्शे यांनी १९९४ साली आपले उपाहारगृह काढले तेही फ्रेंच वळणाचेच होते. पुढे मात्र त्यांनी आपल्याच देशाच्या मिरच्या, मासे आणि कंद ताटात आणले आणि वारे फिरले. ‘सेंत्राल’ या उपाहारगृहाचे विर्हिलिओ मार्तिनेस आणि पिया लेओन यांनी तर पदार्थ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे लावले: हा समुद्रातला, हा वाळवंटातला, हा चार हजार मीटरवरचा. जगातील उत्तम उपाहारगृहांच्या प्रसिद्ध यादीत २०२३ साली ‘सेंत्राल’ पहिले आले. २०२५ साली लिमातल्याच ‘माइदो’चा पहिला क्रमांक लागला. आम्ही गेलो ते या दोन्हींपैकी नव्हे, पण त्याच वाटेने चालणारे. बारांको नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या वस्तीत ते आहे.

आम्ही लिमाला पोचलो. दुसऱ्या दिवशी ताईने २३ मे ही तारीख सांगितली. अण्णांनी पिशवीतून दिनदर्शिका काढली, पान उलटले आणि शांतपणे म्हणाले, “त्या दिशी अपरा एकादशी हाये.”

ताईने कपाळाला हात लावला. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ पडून तीस वर्षे झाली. मासे-मटण नाही हे तिने आधीच कळवून ठेवले होते. पण एकादशी कळवायची कशी? तारीख बदलली तर पुढे चार महिने टेबल नाही आणि भरलेले पैसेही परत नाहीत. अखेर तिने फोन लावला. धान्य नाही, मका नाही, कडधान्य नाही, कांदा-लसूण नाही, अंडे नाही. पलीकडच्या बाईंनी विचारले, “मग तुमचे वडील खातात तरी काय?” ताई एकेक सांगू लागली: बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा, मिरची, फळे, दूध, शिवाय तिकडे युका म्हणतात त्या कंदाचा साबुदाणा. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्या बाई हसू लागल्या. म्हणाल्या, “अहो, हे तर आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याचं जेवण! तुमचे वडील भारतातले ना नक्की?”

ताईने फोन ठेवून हे सांगितले तेव्हा मला आमची साबुदाण्याची खिचडी आठवली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची. उरले जिरे आणि तूप, तेवढे आपले! ज्या ताटाला आपण सर्वांत सोवळे समजतो, ते बहुतेक सगळे साहेबाच्याही आधी आलेल्या पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलेले. शास्त्रे लिहिली गेली तेव्हा हे पदार्थ इथे नव्हतेच. मग त्यांना धान्यांच्या यादीत घालून वर्ज्य कोण करणार? वरईचे तांदूळ काय ते जुने, घरचे. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, आणि मुळात ते नाव कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेले. म्हणजे गेली कित्येक वर्षे आपण बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतो आहोत आणि तो बिचारा ओ देतो आहे.

२३ तारखेला संध्याकाळी आम्ही निघालो. पांढरा सदरा, धोतर, टोपी, वरून ताईने घातलेला लोकरी कोट आणि गळ्यात मफलर. तिकडे थंडी सुरू होत होती. लिमा हे वाळवंटाच्या काठावरचे शहर. आकाश महिनोन्‌महिने करडे असते, धुके येते, पण पाऊस म्हणावा असा पडतच नाही. अण्णांना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत होती. “पाऊस नाय तर एवढी माणसं पित्यात काय?” पाणी पूर्वेकडच्या अँडीज पर्वतातून नद्यांनी खाली येते, असे ताईने सांगितले. “म्हंजे डोंगर राबतो आन्‌ शहर पितं,” अण्णा म्हणाले. “सगळीकडं सारखंच.”

टेबलापाशी बसलो तेव्हा आठ वाजले होते. ताईला एक युक्ती सुचली. लिमाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तासांनी मागे. “अण्णा, गावाकडं आता साडेसहा वाजलेत. द्वादशी उजाडली. तुमचा उपवास सुटला!” अण्णा हसले. म्हणाले, “सूर्य जिथला, एकादशी तिथली. पांडुरंगाला काय घड्याळ फसवतं व्हय?” मग आम्ही दोघींनीही तेच ताट मागवले. माझी हौस मी आधीच भागवून घेतली होती. बाजारातल्या एका साध्या दुकानात सेविचे खाल्ले होते: ताज्या मासळीच्या फोडी लिंबाच्या रसात, वर कांदा आणि मिरची, बाजूला रताळे. सेविचेच्या परंपरेला २०२३ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्यातल्या आंबट रसाला तिकडे ‘वाघाचे दूध’ म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणत; लिमात दोन्ही प्यायला मिळाले.

प्रत्येक पदार्थाबरोबर एक चिठ्ठी येई, तिच्यावर तो किती उंचीवर पिकतो ते लिहिलेले. पहिल्यांदा भाजलेले शेंगदाणे आले, एका काळ्या दगडावर मोजून सात. वर कुस्कोजवळच्या मारासच्या मिठागरांतले गुलाबी मीठ. ते समुद्राचे नव्हे, डोंगरातल्या खाऱ्या झऱ्याचे, हे कळल्यावर अण्णा खूश झाले. म्हणजे सैंधवाच्याच जातीचे. ताई म्हणाली की १९८७ साली उत्तर पेरूत सिपान येथे एका प्राचीन राजाची कबर सापडली. त्याच्या गळ्यातल्या माळेचे मणी सोन्याचे आणि चांदीचे होते, आणि आकार होता भुईमुगाच्या शेंगांचा. “राजाच्या गळ्यात शेंगा?” अण्णांनी आपल्या माळेला हात लावला. “बरा राजा म्हणायचा. काय खातो ते ठाऊक होतं त्याला.”

मग पिवळ्याधमक बटाट्याचा मऊ लगदा आला, लिंबू पिळलेला आणि पिवळ्या मिरचीने रंगलेला. त्याला तिकडे काउसा म्हणतात. अण्णांनी चव घेतली आणि म्हणाले, “आपली उपवासाची भाजीच. चेंगरल्याली.” पण दुसरा घास त्यांनी सावकाश घेतला. पुढे चुन्यो आले. अँडीजमध्ये जून-जुलैच्या कडक थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात टाकतात आणि पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात. असे काही दिवस केले की दगडासारखे हलके, काळे बटाटे होतात आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. इंकांची कोठारे त्यांनी भरलेली असत. मला आमच्या पत्र्यावरचा बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या आठवल्या. आमच्याकडे वैशाखाचे ऊन, तिकडे हिवाळ्याचे हिव. पण दुष्काळाचा विचार दोन्हीकडच्या बायकांनी सारखाच केलेला.

चौथा पदार्थ म्हणजे मातीचे एक भाजलेले ढेकूळ. शेतातच ढेकळांची भट्टी रचायची, तापवायची, आत बटाटे टाकून ती वरून ढासळायची, अशी तिकडची रीत आहे. वाढणाऱ्या मुलाने ढेकूळ फोडले. आत सात-आठ लहान बटाटे. एक जांभळा, एक तांबडा, एक काळपट, एक पिवळ्या-जांभळ्या चकत्यांचा. चिठ्ठीवर उंची होती ३,९०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्या शेताच्या बांधाला हात लागणार नाही!

बाजूला करड्या रंगाचे दाट पातळसर काही होते. ती माती होती, खाण्याची माती. डोंगरातले लोक कडसर बटाट्याबरोबर ती खातात, म्हणजे तो बाधत नाही. मी चमचा मागे घेतला. मराठीत ‘माती खाल्ली’ म्हणजे काय ते सर्वांना ठाऊकच आहे. अण्णांनी मात्र बटाटा तिच्यात बुडवून सरळ तोंडात टाकला. “किसनदेवानं खाल्ली ती चालती, मग मला काय धाड भरलीय?”

त्यातला एक बटाटा इतका गाठी-गाठींचा होता की तो बटाटा आहे हे सांगावे लागले. त्याच्या केचुआ भाषेतल्या नावाचा अर्थ ‘सुनेला रडवणारा’. होणाऱ्या सुनेला तो सोलायला देत आणि साल किती पातळ निघते त्यावरून तिची परीक्षा करीत. अण्णा एवढे मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून बघू लागली. मग एकदम थांबून त्यांनी विचारले, “एका वावरात किती जाती लावत्यात?” चाळीस, पन्नास, काही घरे त्याहूनही अधिक, ताई म्हणाली. अँडीजमध्ये बटाट्याच्या चार हजारांवर जाती आहेत. थंडी, गारा, रोग, यांतून काही गेल्या तरी काही वाचतात. आयर्लंडमध्ये बहुतेक गरीब एकाच जातीवर अवलंबून होते. १८४५ साली करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. करपा म्हटल्यावर अण्णांना पुढचे सांगावे लागले नाही. तो त्यांच्या ओळखीचा शत्रू. “आमच्याकडं ज्योती आन्‌ पुखराज,” ते स्वतःशीच म्हणाले. “आन्‌ कंपनी सांगंल ती.”

शेवटी राजगिऱ्याचे लाडू आले. त्याला तिकडे किविचा म्हणतात. लाडू ज्यात वळले होते ते होते चांकाका, म्हणजे साक्षात गूळ. उसापासून गूळ-साखर करण्याची विद्या आपल्याकडून जगभर गेली. म्हणजे एवढी एक परतफेड आपण केली आहे. बरोबर चिरिमोया हे फळ, आपल्या सीताफळाचा सख्खा भाऊ. अण्णांनी बिया मोजून कागदावर ठेवल्या, सवयीने.

तेवढ्यात फोनवर हसलेल्या बाई बाहेर आल्या. त्याच तिथल्या मुख्य स्वयंपाकीण. वय चाळिशीचे, हातावर भाजल्याचे डाग. अण्णांनी उठून हात जोडले, त्यांनीही जोडले. ताई मधे उभी राहून दोन्हीकडचे बोलणे सांगू लागली.

“हा बटाटा कोण पिकवतं?” अण्णांनी विचारले.

वानकावेलिकाच्या डोंगरातले एक कुटुंब, बाई म्हणाल्या. मधे दलाल नाही.

“भाव काय देता?”

“बाजाराच्या तिप्पट.”

“आन्‌ घेता किती?”

“महिन्याला तीन-चार पोती.”

“बाकीचा माल?”

बाई थोड्या थांबल्या. काही घरी खातात, म्हणाल्या. बाकीचा बाजारात जातो, बाजारभावाने.

“तीन पोत्यांनी घर चालत नाय,” अण्णा म्हणाले. ताई गप्प राहिली. “सांग तिला. राग नाय म्हणावं. जेवण लई चांगलं झालं. पण हे खरं हाये ते सांग.”

ताईने सांगितले. बाईंनी मान हलवली. मग खुर्ची ओढून त्या आमच्याजवळ बसल्या. त्यांचे वडील अयाकुचोकडचे, बटाटेवालेच. १९८० नंतर त्या भागात जी यादवी पेटली, तिच्यात हजारो कुटुंबे घरदार टाकून लिमात उतरली. त्यांतले हे एक. वडिलांनी शहरात चौकीदारी केली. पुन्हा शेत लावले नाही. पण संध्याकाळी पोरांना जवळ घेऊन ते सोडून आलेल्या वाणांची नावे म्हणत, हा असा दिसतो, हा पावसाला टिकतो, हा पाहुण्याला द्यायचा. “मी स्वयंपाक शाळेत शिकले,” बाई म्हणाल्या, “पण ती नावं मला येत होती म्हणून मी इथं आहे. पाहुण्यांना मी बटाटा विकते असं लोक म्हणतात. मी खरं तर नावं वाढते.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “नावं तरी राखलीस, बाई.” हे ताईने कसे सांगितले ते मला कळले नाही, पण बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

बिल आले ते ताईने उलटे ठेवले. अण्णांनी विचारलेच. तिने आकडा कमी करून सांगितला असावा, तरीही त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “माणशी बारा पिशव्या,” ते म्हणाले. आमच्याकडे पिशवी पन्नास किलोची. मला वाटले, आता ते रागावतील. एका माणसाच्या जेवणाला सहा क्विंटल बटाटा! पण ते रागावले नाहीत. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. कोटाची बटणे लावत म्हणाले, “बटाट्याला एवढी किंमत येती हे बघितलं ते बरं झालं. वाटंत ती कुठं सांडती, तेवढंच कळाया पायजे.”

मला वाटते, अर्थशास्त्राच्या तासाला मी जे ऐकले ते सगळे या एका वाक्यात होते. त्या जेवणाने शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. तीन पोत्यांनी घर चालत नाही, हे अण्णांनी तिथेच सांगून टाकले होते. पण साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या मालाकडे कोणी असे पाहिलेले नव्हते. बाजारात बटाटा ओततात, तुडवतात, आकारावरून निवडतात. इथे तो एकेक करून वाढला गेला, त्याची उंची सांगितली गेली, त्याला नावाने हाक मारली गेली. पंढरीच्या वाटेवर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तसे काहीसे मला तिथे वाटले.

३० मे हा पेरूचा राष्ट्रीय बटाटा दिन. आता संयुक्त राष्ट्रांनीही तोच दिवस जगासाठी नेमला आहे. त्या दिवशी अण्णांनी ताईबरोबर केंद्रातले वाण पाहिले. एखादा बटाटा खिशात घालून आणावा असे मला फार वाटले. पण कंदाबरोबर रोगही देश ओलांडतो, म्हणून तशी परवानगी नसते. “नको,” अण्णाही म्हणाले. “एक करपा पुरे हाये.” त्याऐवजी त्यांनी ताईकडून काही नावे हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. ‘सुनेला रडवणारा’ सर्वांत वर आहे.

मृगाच्या आत आम्ही घरी आलो. बियाणे फोडून ठेवायचे काम सुरू झाले. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आईने, जणू सहज, विचारले, “मग जमिनीचं काय सांगायचं त्यांना?” अण्णा बियाण्याचा डोळा निरखत होते. मान वर न करता म्हणाले, “पुढच्या साली बघू.”

जाण्यापूर्वी ते म्हणाले होते, ‘हो म्हणून टाकू’. आता म्हणाले, ‘बघू’. भाव वाढलेला नव्हता आणि खताची पिशवीही स्वस्त झालेली नव्हती. पण शेतकऱ्याच्या घरात या दोन शब्दांत एका हंगामाचे अंतर असते, आणि तेवढे अंतर त्या वर्षी आम्हाला मिळाले.